बायलरवर वाळवलेलं बी

बिसरामची जीभ आणि मिलचा भोंगा दोन्ही एकदमच सुटतात, असं मिलटोलीत म्हणत. भोंगा निदान थांबायचा तरी.

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तो बायलरवर होता. उसना तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजवायचं, मग वाफेवर शिजवायचं, मग पटांगणात वाळवायचं. त्यातली वाफ बिसरामच्या ताब्यात. माणूस मूळचा केशोरीकडचा. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिलेली. अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवरून. पण शिकला ते असं, की मजुरांच्या सभेत तो उभा राहिला म्हणजे मालकाचा मुनीमसुद्धा भिंतीआड थांबून ऐकायचा. संपाच्या वेळी मालकाच्या मोटारीपुढे आडवा पडलेला तो हाच. गडी खरा होता. पण राग नाकाच्या शेंड्यावर, आणि 'चुकलो' हा शब्द वाचायला त्याला कुठल्याच पाटीवर मिळाला नव्हता.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात रेल्वेच्या रुळापलीकडे त्यानं दोन खोल्यांचं कौलारू घर उभं केलं. मिलमधल्या बऱ्याच जणांनी तिथं जागा घेतल्या होत्या, म्हणून ती मिलटोली. शहर तिथं संपायचं आणि धानाच्या बांध्या सुरू व्हायच्या. विहीर एकच. घरामागे प्रत्येकाला सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्यापुरता परसाचा तुकडा. बिसरामच्या सांदवाडीत तेव्हा विटांचे तुकडे आणि तरोट्याचं तण होतं, दुसरं काही नाही.

एवढ्यावरून त्यानं सभेत भाषण ठोकलं. "मजुरानं वांगं बाजारातून कायले आणावं? आपल्या घामाचं मीठ मालक खाते, निदान आपल्या भाजीत तरी आपला घाम पडू द्या! घरामागं सांदवाडी, तो खरा मजूर. मी सांगतो, पोळ्याले माह्या मांडवावरची लवकी साऱ्या टोलीत वाटीन. नाही वाटली तर पुन्हा ह्या सभेत तोंड उघडणार नाही!"

"मंग तर बरंच हाय गा," मागून टेकचंद ओरडला. टेकचंद हौदावर कामाला, बिसरामचा दोस्त आणि टोलीतला मोठा टवाळ. "लवकी तरी भेटंल, नाही तर शांतता तरी!"

सगळे हसले. बिसराम हसला नाही. लवकीवर, म्हणजे एका दुधी भोपळ्यावर, त्यानं आपली इज्जत टांगून ठेवली होती.

तो खपला मात्र मनापासून. पाळी संपवून आला की कुदळ घ्यायचा. विटा वेचल्या, तरोटा खणला, शेणखत डोक्यावरून वाहिलं, वेलांसाठी आळी केली, भेंडी-चवळीसाठी वाफे ओढले. त्याची बायको प्रेमिला शेतकऱ्याची पोर. ती म्हणायची, "आळं जरा उंचावर घ्या ना, पाणी साचंल." तो म्हणायचा, "मले सांगू नको. मी वाचलं हाय." तिनं सांगणं सोडून दिलं. त्या घरात बोलायचं काम एकाच माणसाकडे होतं.

शेजारी बायजाबाई. नवेगाव बांधकडची गोंडीण. नवरा रेल्वेत गँगवर होता, तो गेला, लेकरूबाळ नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून ती बाजारात विकायची आणि सांदवाडी अशी राखायची की जाणारायेणारा मान वळवून पाहील. तिच्या आढ्याला सुकलेले भोपळे टांगलेले असत, आणि त्यांत राखेत ठेवलेलं बी. जेठ महिन्यात ती ते खाली काढायची, एक रात्र आपल्या देवापुढं ठेवायची आणि मग जो मागंल त्याला मूठभर द्यायची. बियाण्याचे पैसे घेणं तिच्या लोकांत पाप. फळ पिकलं की एक मूठ परत आणून द्यायची, एवढाच व्यवहार. सारी मिलटोली तिच्याच बियाण्यावर उभी राहिली होती.

बिसरामचं तिच्याशी आधीच एकदा वाजलं होतं. तिच्या कोंबड्या त्याच्या नव्या वाफ्यात उकरायला आल्या, ह्यानं वीट भिरकावली, एक कोंबडी लंगडी झाली. बायजाबाईनं कोंबडी उचलून काखेत घेतली आणि म्हणाली, "अजून मातीत काही पेरलं नाही, अन् राखण एवढी! पेरल्यावर तर तोफ आणशील." आजूबाजूचे हसले. बिसरामनं ते मनात ठेवलं. तिनं ठेवलं नाही. प्रेमिला ओच्यात बी मागायला गेली तेव्हा तिनं लवकी, दोडका, भेंडी, चवळी, चारही बियाणी पानांत बांधून दिली आणि वर हसून म्हणाली, "तुह्या भाषणवाल्याले सांगजो, बी पाण्यानं उगवते, बोलण्यानं नाही."

घराची कौलं अजून नीट बसली नव्हती. जेठातच एक सर आली, आणि कोनाड्यात ठेवलेल्या पुड्या भिजल्या. प्रेमिला म्हणाली, "सुपात पसरून सावलीत ठेवते."

"सावलीत? बुरशी येईल!" बिसराम म्हणाला. "अवो, रोजचं शंभर पोती धान वाळवतो मी, अन् मूठभर बी वाळवता येत नाही काय?"

पुड्या त्यानं मिलमध्ये नेल्या. बायलरच्या विटांच्या बांधकामावर कायम कढत असायचं. तिथं मजूर ओली धोतरं टाकायचे, भाकरीही गरम करायचे. बिसरामनं गोणपाट अंथरलं, त्यावर बी पसरलं. संध्याकाळपर्यंत बी असं कोरडं झालं की हातात खुळखुळायला लागलं. घरी येऊन त्यानं प्रेमिलाच्या कानाशी ते वाजवून दाखवलं. "ऐक. हे वाळवणं!"

प्रेमिला काहीतरी बोलणार होती. पण तो तोवर हातपाय धुवायला निघून गेला होता.

मृगात सगळ्यांनी पेरलं, ह्यानंही पेरलं. आठवड्याभरात टेकचंदच्या आळ्यात लवकीनं दोन जाड पानं वर काढली. पलीकडच्या सुलोचनाबाईच्या दारात चवळी तरतरली. बायजाबाईचं तर विचारूच नका. बिसरामची सांदवाडी मात्र तव्यासारखी. तो पहाटे उठून उकिडवा बसायचा आणि मातीकडं टक लावायचा. मिलमधून आला की तसाच. टेकचंद कुंपणावरून विचारायचा, "काय गा, लवकी लाजून राहिली काय?"

एक दिवस न राहवून त्यानं आळ्यात बोट घातलं. बी निघालं ते काळं, पोकळ. दुसरं काढलं, तेही तसंच. वाफा उकरला, तर भेंडीचे दाणे बोटात चुरा झाले. त्याच्या मस्तकात काय पेटलं कोण जाणे. सगळ्यांचं उगवलं, एकाच बाईचं बी. मग आपलंच का मेलं? उत्तर त्याच्यापुढं कोंबडीच्या रूपानं लंगडत गेलं. विचार करायला क्षणभर थांबला असता तर! पण उचलली जीभ, लावली टाळूला.

मुठीत ते मेलेलं बी घेऊन तो तडक विहिरीवर गेला. सकाळची वेळ, बायांची गर्दी. बायजाबाई दोर ओढत होती.

"हे पाहा सारे जण!" बिसरामनं मूठ उघडली. "भाजून दिलं हिनं मले! कोंबडीचा सूड काढला. देवापुढं ठेवते म्हणे! चुलीवर ठेवलं हिनं!"

बायजाबाईचा दोर हातातच राहिला. "काय बोलून राहिला बिसराम? बी भाजून कोणी देते काय? आमच्यात म्हणते, भाजलं बी जो देईल त्याचा वंश बुडते."

"तुहा तर आधीच बुडला!" बिसराम म्हणाला.

बायजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, तर ओळखीचा माणूस चुकून दुसराच निघावा तसं. मग तिनं अर्धी भरलेली बादली तशीच वर घेतली आणि निघून गेली. बिसराम छाती काढून घरी आला. प्रेमिला भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं होतं. तिनं वर पाहिलं नाही.

आता लोकांचं तोंड म्हणजे काय, आपण सगळे जाणतो. एकानं फुंकर मारावी आणि दुसऱ्यानं गवत टाकावं. सुलोचनाबाईचा धाकटा पोट्टा त्याच सुमारास तापानं पडला. सुलोचनाबाई मिलच्या तोलाऱ्याची बायको, टोलीत तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "साऱ्यांचं बी जितं, ह्या एकट्याचं मेलं. ज्याच्यावर मन गेलं त्याचं मारते ही. परवा माह्या पोट्ट्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता तिनं." झालं. बाया बायजाबाईच्या बादलीपासून आपापल्या पाण्याच्या गुंड्या सरकवून घेऊ लागल्या. पत्रावळी घेणाऱ्यांनी दुसरी बाई शोधली. लेकरांना तिच्या अंगणातून जायची बंदी झाली. दारोदारी लिंबू आणि बिबे टांगले गेले.

बिसरामनं ते लिंबू पाहिले आणि त्याचा भडका उडाला. टेकचंदच्या दारातला लिंबू त्यानं स्वतः तोडला. "लाज नाही वाटत? देश स्वतंत्र झाला, अन् तुमी लिंबं टांगून राहिले! मी सभेत बोलणार ह्याच्यावर!"

"बोल ना," टेकचंद म्हणाला. "पण लिंबाचं झाड तूच लावलं गा, विहिरीवर."

बिसराम त्याच्यावरही डाफरला. पण घरी जाताना बायजाबाईच्या कुंपणाकडं पाहायचं त्यानं टाळलं.

आषाढात पावसानं झोडपलं. बांध्यांत धानाच्या रोपांचे पऱ्हे सडले, शेतकऱ्यांना दुसऱ्यांदा बी टाकायची पाळी आली. गोरेगावकडचा बकाराम नावाचा एक म्हातारा शेतकरी धानाचं बियाणं घेऊन गोंदियातून निघाला होता, वाटेत बैलबंडी भिजली. मिल दिसली, धूर दिसला, तसा तो पोतं पाठीवर घेऊन थेट बायलरपाशी आला.

"भाऊ, जरा इथं पसरू देतो काय? गरम हाय. तासाभरात वाळंल."

"ए बुढ्या!" बिसराम फावडं टाकून धावला. "डोक्श्यात काही हाय का नाही? बियाण्याचं धान हाय ना ते? बायलरवर टाकतोस? भुंजून निघंल! एक दाणा उगवणार नाही! खायचं धान अन् पेरायचं धान एक असते काय? बी जितं असते, बुढ्या, जितं! त्याले असं..."

आणि तो तिथंच थांबला. तोंड उघडं, हात वर. त्याच विटा. तेच गोणपाट अजून कोपऱ्यात पडलेलं. धानाचं बी मरतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बापानं थापड मारून शिकवलं होतं. पण लवकीचं बी तेही बी, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. त्याला ती भाजी वाटली होती.

"काय झालं भाऊ?" बकाराम म्हणाला. "घाम फुटला तुमाले."

"काही नाही काका. भट्टी हाय." त्याचा आवाज खाली आला. "तिकडं पडवीत पसरा. सावलीत, हवेवर."

त्या दिवशी बायलरवर वाफ दोनदा पडली आणि मिस्त्रीच्या शिव्या त्यानं मुकाट खाल्ल्या. संध्याकाळी रूळ ओलांडताना त्याचा पाय उचलेना. भाजलं बी दिलं ह्या आळाचं काही करता येईल, तो मनात म्हणत होता, पण ते दुसरं वाक्य? ते आठवलं की त्याच्या कानशिलांतून वाफ निघायची. रस्त्यात एकटाच असला तरी तो मान खाली घालायचा.

आता सरळ वाट कोणती होती, हे शेंबडं पोरही सांगेल. विहिरीवर जायचं आणि जिथं बोलला तिथंच सांगायचं. पण मालकाच्या मोटारीपुढं आडवं होणं सोपं. त्यात लोक जयजयकार करतात. चार बायांपुढं 'माझंच चुकलं' म्हणायला जी छाती लागते ती बिसरामपाशी नव्हती. त्यानं अक्कल चालवली. बाईवरचा आळ तर जावा, पण आपली मान खाली होऊ नये, असा मधला रस्ता त्यानं काढला.

बाजारात मुन्नालालचं बियाण्याचं दुकान होतं. बिसराम तिथं गेला.

"लौकी, तोरई, भिंडी?" मुन्नालाल म्हणाला. "अब? महीना निकल गया भैया. मिलटोली में तो वो गोंडिन मुफत बांटती है ना?"

"तुमको बेचना है कि नहीं?" बिसराम गुरकावला.

रविवारी बाया बाजारात गेल्या असताना त्यानं आळी पुन्हा उकरली, बी भिजवून लावलं, वर माती सारखी केली. आठवड्याभरात कोंब आले. बिसरामनं टोलीभर सांगितलं, "अरे, बाईचं बी चांगलंच होतं. उशिरा उगवलं इतकंच. माती जड होती." त्याला वाटलं, निभलं. दोघंही सुटलो.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई त्याच्या दारात आली. डोळे रडून लाल. मागे आणखी चारपाच जण.

"भाऊ, तुमी विहिरीवर दम भरला, अन् तिनं तुमचं बी सोडलं! मेलेलं बी जितं झालं, साऱ्यांनी पाहिलं. माह्या पोट्ट्याचा ताप उतरते अन् पुन्हा चढते, त्याच्यासाठी आता तेवढं करा. आमी सारे येतो संग, तुमी पुढं व्हा. तुमाले भिते ती. तुमी दम दिला की सोडंल."

बिसरामनं त्या चारपाच जणांकडं पाहिलं. त्यांतल्या दोघांच्या हातात काठ्या होत्या. संपाच्या दिवसांत हेच दोघं त्याच्या मागं घोषणा देत चालले होते.

"आज नाही," तो कसाबसा म्हणाला. "आज पाळी हाय माझी. कोणी काही करू नका. मी सांगतो तोवर कोणी काही करू नका."

दार लावून तो आत आला. प्रेमिला चुलीपुढं बसली होती. विहिरीवरच्या त्या सकाळनंतर तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"मले पेरायच्या आधीच ठाऊक होतं, बी मेलं म्हणून. तुमी कानाशी वाजवून दाखवलं तेव्हाच. जितं बी असं वाजत नाही."

"मंग बोलली काऊन नाही?"

"कवा बोलू? तुमचं भाषण सरते कवा?" तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मी गेली होती बायजाबाईकडं. पाय धरले. म्हटलं, मी सांगते साऱ्यांले. ती म्हणे, नको वो पोरी. ज्याच्या तोंडातून निघालं त्याच्याच तोंडातून परत जाऊ दे. तुह्या सांगण्यानं लोक म्हणतील, माह्या भीतीनं बोलून राहिली." तिनं विस्तव राखेनं झाकला. "तिनं तिच्या भावाले सांगावा धाडला. घर सोडून चालली ती."

बिसराम भिंतीला टेकून बसला. जेवला नाही. प्रेमिलानंही 'जेवा' म्हटलं नाही.

सकाळी बायजाबाईच्या दारात बंडी उभी होती. तिचा भाऊ पतिराम नवेगाव बांधहून आला होता. जातं, पाण्याचा गुंड, कोंबड्यांचा डालगा असं सामान चढवत होता. बियाण्याचे भोपळे बंडीच्या खुंट्यांना बांधले होते. टोलीतले लोक आपापल्या दारातून पाहत होते, जवळ कोणी येत नव्हतं. बायजाबाई बंडीवर चढून बसली होती.

बिसराम बंडीपाशी गेला. चाकाला हात लावून हळू आवाजात म्हणाला, "बायजाबाई, ऐक. बी मीच मारलं. भिजलं होतं, बायलरवर वाळवलं. तुहा काही दोष नाही. जाऊ नको."

पतिरामनं हातातली दोरी खाली टाकली. "तू होय काय तो?" तो पुढं सरकला. बायजाबाईनं हात आडवा केला.

"माह्या कानात कायले सांगतोस?" ती म्हणाली. "मले तर माहीतच हाय मी भाजलं नाही म्हणून. विहिरीवर बोलला तवा तर तुहा आवाज रुळापलीकडं गेला होता. आज घसा बसला काय?"

बिसरामनं चाकावरचा हात काढला. गल्ली लांब वाटत होती. मग तो वळला आणि पहिल्या दारापाशी गेला. ते टेकचंदचं होतं.

"टेकचंद, बी मी बायलरवर वाळवलं होतं. म्हणून मेलं."

टेकचंद आधी बघत राहिला, मग असा हसला की खांबाला धरावं लागलं. "बायलरवर! अरे, उसनं बी पेरलं गा ह्यानं! शिजवून पेरलं!" आजूबाजूची दारं उघडली, पोरं धावली. बिसरामचा हात उठायला लागला, सवयीनं. त्यानं तो खाली घेतला. "हो," तो म्हणाला, "शिजवून पेरलं. मोठ्यानं हास, पण साऱ्यांले सांग." आणि पुढच्या दाराशी गेला. तिथं पुन्हा तेच सांगितलं. तिथंही हसले. तिसऱ्या दारातल्या म्हातारीला ऐकू येत नव्हतं, तिला ओरडून सांगावं लागलं. मागं पोरांची वरात लागली होती, आणि 'उसने दादा' हे नाव त्याच गल्लीत, त्याच सकाळी त्याला चिकटलं. पुढं मजुरांच्या मागणीपत्रकावर खरं नाव छापलं तरी लोक विचारायचे, हा बिसराम कोण?

सुलोचनाबाई हसली नाही. दाराच्या चौकटीत उभी राहून म्हणाली, "खोटं बोलून राहिले भाऊ तुमी. तिनं तुमचं तोंड बांधलं. बी मेलं होतं तर उगवलं कसं?"

"ते मुन्नालालच्या दुकानचं हाय. मी चोरून लावलं." त्याला मान वर करता येईना. "तुमी सारे बाजारात गेले तवा."

"चोरून कायले?"

"लाज वाटली म्हणून. विचार जा मुन्नालालले." मग तो सांदवाडीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात ते सगळे कोंब होते, मुळांसकट. तिच्या उंबऱ्यापुढं त्यानं ते टाकले. "पोट्ट्याचा ताप पावसाचा हाय, बाईचा नाही. दवाखान्यात ने. आता चाल, मी उचलतो त्याले. पण तिच्या नावानं जे बोलत होतीस, ते आता माह्या नावानं बोल."

सुलोचनाबाई आत गेली, आणि थोड्या वेळानं पोराला गोधडीत गुंडाळून बाहेर आली. तिचा नवरा तिच्याकडून पोराला घेऊन स्टेशनकडच्या दवाखान्याच्या वाटेला लागला. बिसरामला त्यांनी सोबत या म्हटलं नाही. जाताना सुलोचनाबाईनं बंडीकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

बिसराम बंडीपाशी परत आला तेव्हा त्याचा आवाज खरंच बसला होता. लोक मागं गोळा झाले होते.

"एक राहिलं," बायजाबाई म्हणाली.

त्याला कळलं. त्या वाक्याला बायलर नव्हता, भिजलेल्या पुड्या नव्हत्या, माती जड नव्हती. सांगायला काही निमित्तच नव्हतं. प्रेमिला कुंपणापाशी उभी होती, तिनं मान फिरवून घेतली.

"ते वंशाचं जे बोललो," तो म्हणाला, "ते काही चुकून नाही. ते माह्याच तोंडचं होतं. लागावं म्हणूनच बोललो होतो." टेकचंदनंही हसणं थांबवलं.

डालग्यात कोंबड्या फडफडत होत्या.

"बैल सोड गा पतिराम," बायजाबाई म्हणाली.

"अन् सामान?" पतिराम चिडला. "उतरवू काय?"

"सामान राहू दे बंडीवर." ती खाली उतरली, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि बिसरामला म्हणाली, "आज बाजार हाय. अर्ध्या बाया घरी नाहीत. उद्या सकाळी पुन्हा फिरजो, साऱ्या दारांनी. मंग पाहू."

बिसरामनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाळीवर जायच्या आधी तो पुन्हा टेकचंदच्या दारापासून निघाला.